फोटोतली ठुशी आणि हातातली ठुशी वेगळी का दिसते?

२०२५ मध्ये सोनं दहा ग्रॅमला लाखाच्या पुढे गेलं आणि तेव्हापासून लोक दुकानाची पायरी चढायच्या आधी दहा ठिकाणाहून फोटो मागवायला लागलेत. फोटो घरच्या ग्रुपवर फिरतो, आत्या, काकू, वहिनी सगळ्यांचं मत घेतलं जातं, पैसे भरले जातात, आणि डबी उघडली की पहिलं वाक्य हेच, "अगं, फोटोत तर वेगळंच दिसत होतं."

माझी मावसबहीण न्यू जर्सीला असते. तिने फोटो बघून ठुशी पसंत केली, ठुशी पुण्याला मावशीकडे आली आणि व्हिडिओ कॉलवर बघताच मावसबहिणीचा चेहरा पडला. रंग फिका वाटतोय, मणी बारीक वाटतायत, फसवलं मला. मी दुसऱ्या दिवशी जाऊन ठुशी हातात घेतली, वजन बिलाप्रमाणे बरोबर, हॉलमार्क बरोबर, घडण तर सुरेख होती. दुकानदाराने काहीच लबाडी केलेली नव्हती. घोळ फोटोत होता, आणि असा घोळ अगदी सरळ माणसाकडूनही होतो, कारण दागिना ही फोटो काढायला भयंकर अवघड वस्तू आहे. मी गेली नऊ वर्षं दागिन्यांचेच फोटो काढते, त्यामुळे हे नेमकं का होतं ते एकदा नीट सांगावंसं वाटलं.

सोन्याचा फोटो म्हणजे आजूबाजूच्या खोलीचा फोटो

स्वयंपाकघरातला स्टीलचा तांब्या घ्या आणि त्याच्या पोटाकडे बघा. काय दिसतं? तुमचं तोंड, मागची खिडकी, वरची ट्यूबलाइट, फ्रीजचा कोपरा. तांब्याचं स्वतःचं असं फार थोडं दिसतं. आता शेजारी सुती टॉवेल ठेवा. टॉवेल कुठूनही बघा, निळा तो निळाच. टॉवेलवर पडलेला उजेड सगळीकडे विखुरतो, म्हणून त्याचा स्वतःचा रंग आपल्यापर्यंत पोचतो. गुळगुळीत धातूवर पडलेला उजेड मात्र आरशासारखा ठरलेल्या दिशेलाच जातो. शाळेत याला नियमित परावर्तन म्हणायचे, आणि दागिन्यांच्या फोटोग्राफीतली निम्मी डोकेदुखी या एका गोष्टीत आहे.

आता ठुशी आठवा. साबुदाण्याएवढे किंवा त्याहून बारीक मणी, एकमेकांना चिकटून, शेकड्याने. प्रत्येक मणी म्हणजे एक छोटासा तांब्या, आणि प्रत्येकात पूर्ण खोली दिसते. समोर उभा असलेला फोटोग्राफर दिसतो, कॅमेऱ्याच्या लेन्सचं काळं वर्तुळ दिसतं, खिडकीची चौकट दिसते. सुरुवातीच्या काळात मी एक मोहनमाळ टिपली होती आणि संध्याकाळी मोठ्या स्क्रीनवर बघितलं तर प्रत्येक मण्याच्या पोटात बारीकसा लाल ठिपका. अर्धा तास शोधत होते की सोन्यात हे लाल काय आलं. मी लाल कुर्ता घातला होता. तेव्हापासून शूटला काळेच कपडे, आणि खोलीत दुसरं कोणी उभं राहायचं असेल तर त्यांनीही.

म्हणजे सोन्याचा फोटो चांगला यायचा असेल तर सोन्याकडे कमी आणि सोन्याला काय दिसतंय याकडे जास्त लक्ष द्यावं लागतं. बाकीचं सगळं सामान, कागद, कार्ड, स्टँड, दिवे, हे त्यासाठीच.

मग पांढऱ्या डब्यात ठेवून काढला की झालं ना?

हे मला नेहमी विचारतात. ऑनलाइन तो पांढऱ्या कापडाचा घडीचा डबा मिळतो, आत एलईडीची पट्टी असते, दागिना ठेवायचा आणि वरच्या भोकातून क्लिक. त्याने खोली दिसायची बंद होते हे खरं. पण नवीन दुखणं सुरू होतं, सगळीकडे पांढरंच असल्यामुळे मण्यालाही सगळं पांढरंच दिसतं आणि सोनं दुधात बुडवल्यासारखं येतं. शाळेत चित्रकलेच्या तासाला नुसतं गोल काढून पिवळा रंग भरला तर ती चपटी चकती दिसायची, एका बाजूने सावली दिली की चेंडू व्हायचा. इथेही तसंच आहे, गोलाई दिसायला उजेडाइतकाच काळोखही लागतो.

म्हणून डबा वापरला तरी त्यात काळं घालावं लागतं. माझ्याकडे काळ्या कार्डशीटच्या कापलेल्या पट्ट्यांचा एक डबाच आहे, बोटभर रुंद, दोन बोटं रुंद, काही तर आगपेटीच्या काडीएवढ्या. मावसबहिणीची ती ठुशी मी नंतर हट्टाने परत टिपली. वरून मोठा दिवा, त्याच्या खाली ट्रेसिंग पेपर ताणलेला, म्हणजे उजेड ढगाळ दिवसासारखा पसरून येतो. पहिल्या फोटोत मणी नुसते पिवळट पीठ. मग डावी-उजवीकडे दोन बोटं रुंदीची काळी पट्टी उभी केली, आणि प्रत्येक मण्याला कडेने एक बारीक गडद रेघ आली, सगळे मणी एकदम गोल झाले. पट्टी फक्त एक सेंटिमीटर मागे सरकवली तर रेघ गायब. हे असं सरकवण्यातच तास-दीड तास जातो, क्लिक करायला काय, सेकंद लागतो.

अजून एक गंमत ठुशीतच बघायला मिळते. सोनं निळा उजेड गिळतं आणि पिवळा-लाल परत पाठवतं, म्हणून ते पिवळं दिसतं. दोन मण्यांच्या फटीत उजेड एका मण्यावरून दुसऱ्यावर असा दोन-तीनदा आपटून बाहेर येतो, दर वेळी निळा आणखी कमी होतो, त्यामुळे फटीतलं सोनं केशरी-तांबूस दिसतं. ठुशीचा तो जो भरदार रंग आपल्याला आवडतो ना तो बराचसा त्या फटींमधून येतो. सपाट उजेडात फटी भरून निघतात आणि ठुशी फिकी पडते. न्यू जर्सीच्या तक्रारीतल्या रंगाचं एक कारण हेच होतं, व्हिडिओ कॉल खिडकीसमोर धरून केलेला.

काही जण म्हणतात पोलरायझर फिल्टर लाव, चमक जाते. काच, मीनाकारी, खडे यांच्यावरची चमक त्याने कमी होते. पण धातूवरची चमक नुसता लेन्सवर फिल्टर लावून जात नाही, दिव्यावरही लावावा लागतो, आणि तसं करून चमक घालवली तर सोनं मेल्यासारखं दिसतं, कारण सोन्याचा रंग त्या चमकेतूनच येतो.

हिऱ्याला नेमकं उलटं हवं असतं

सोन्याला मोठा, पसरट, मऊ उजेड लागतो हे एकदा जमलं की माणूस खूश होतो, आणि मग अंगठीत हिरा येतो.

काचेत किंवा पाण्यात शिरताना उजेड वाकतो हे आपण शिकलोय. किती वाकतो त्याच्या मापाला अपवर्तनांक म्हणतात, काचेचा साधारण १.५, हिऱ्याचा २.४२. आकडा मोठा असल्याचा परिणाम असा की हिऱ्यात शिरलेला उजेड सहजासहजी बाहेर पडू शकत नाही. आतल्या भिंतीवर तो लंबापासून साधारण २४ अंशांपेक्षा जास्त तिरका आपटला की बाहेर न जाता आतच परत फिरतो, काचेत हीच मर्यादा ४२ अंशांच्या आसपास असते. त्यामुळे नीट पैलू पाडलेल्या हिऱ्यात वरून शिरलेला उजेड खालच्या पैलूंवर दोनदा आपटून पुन्हा वरूनच बाहेर येतो. गोल ब्रिलियंट हिऱ्याला सहसा ५७ पैलू असतात, म्हणजे ५७ छोटे आरसे, प्रत्येक खोलीच्या वेगवेगळ्या कोपऱ्याकडे तोंड केलेला.

आता या हिऱ्याला त्या पांढऱ्या डब्यात ठेवा. सत्तावन्न आरसे आणि सगळ्यांत पांढरंच, म्हणजे हिरा खडीसाखरेच्या खड्यासारखा येतो. हिऱ्याला काही पैलू एकदम लखलखीत आणि काही गडद असे हवे असतात, त्यातूनच तो जिवंत वाटतो. त्यासाठी छोटा, टोकदार दिवा लागतो, आणि इंद्रधनुष्याच्या ज्या ठिणग्या दिसतात त्याही तशा बारीक दिव्यातूनच उठून दिसतात. पण तोच दिवा सोन्यावर पडला की तिथे पांढरा भाजल्यासारखा डाग.

यात कॅमेऱ्याची आणखी एक अडचण आहे जी लोकांना सांगितली तर पटत नाही. हिरा उजेड वरून घेतो आणि वरच सोडतो, आणि आपला कॅमेरा नेमका वरच असतो. जवळ गेलो की लेन्सच उजेड अडवते आणि हिऱ्याच्या मधोमध काळोख होतो. गोल हिऱ्याच्या फोटोत मधून फाकलेले काळे बाण दिसतात ना, ते हिऱ्यातलं काही काळं नसतं, बघणाऱ्याच्या डोक्याचं किंवा कॅमेऱ्याचं प्रतिबिंब असतं. गिऱ्हाईक मात्र विचारतं, यात डाग आहे का.

आणि मुळात हिऱ्याची लकाकी ही हालचालीत असते. आपण बोट हलवतो, एक पैलू विझतो, दुसरा पेटतो, दोन डोळ्यांना दोन वेगळे पैलू पेटलेले दिसतात. थांबलेल्या फोटोत हे मावत नाही. आजकाल फिरत्या चकतीवर दागिना ठेवून व्हिडिओ करतात तो त्यासाठीच.

यातून मार्ग म्हणजे दोन किंवा तीन फोटो वेगवेगळे काढायचे, कॅमेरा आणि अंगठी केसभरही न हलवता, एकदा सोन्याचा उजेड लावून, एकदा हिऱ्याचा, आणि मग कॉम्प्युटरवर सोनं पहिल्या फोटोतून आणि हिरा दुसऱ्यातून घेऊन जोडायचे. म्हणजे कॅटलॉगमधली जी अंगठी तुम्ही बघता ती त्या रूपात एका क्षणी कधीच समोर नव्हती. यावर पुढे बोलते.

आणि मग नथ

मला सगळ्यात जास्त वेळ घेते ती मोत्यांची नथ. एवढ्याशा जागेत मोती, सोन्याची तार, मधे लाल खडा, कधी पाचू, कधी हिरे, आणि प्रत्येकाचं म्हणणं वेगळं.

मोत्याचं असं आहे की त्याचा पृष्ठभाग अतिशय पातळ थरांचा बनलेला असतो, काही उजेड वरूनच परत येतो आणि काही आत जाऊन, थरांमधून. त्यामुळे मोत्यात एक आरसा आणि एक आतून येणारी झाक अशा दोन गोष्टी एकदम असतात. चांगल्या मोत्यात दिव्याचं प्रतिबिंब कडेने धारदार दिसतं, हलक्या मोत्यात ते पसरलेलं आणि खडूसारखं. म्हणजे मी उजेड फार मऊ केला तर उत्तम मोतीही खडूसारखा दिसेल आणि फार कडक केला तर प्रत्येक मोत्यावर टिकलीसारखा पांढरा ठिपका. मधला बिंदू शोधायचा आणि तो प्रत्येक नथीला नवीन असतो. शिवाय मोती आणि पाठीमागचा कागद दोन्ही पांढरे, मग मोत्याची कड कुठे संपते तेच कळत नाही, तिथे परत माझ्या काळ्या पट्ट्या.

मंगळसूत्राची अडचण उलट्या टोकाची. काळे मणी आणि सोन्याच्या वाट्या शेजारी शेजारी. मणी दिसावेत म्हणून उजेड वाढवला तर वाट्या पांढऱ्या पडतात, वाट्या सांभाळल्या तर पोत म्हणजे नुसती काळी रेघ. आणि काळ्या मण्यांवर धुळीचा प्रत्येक कण दिसतो. आपण कापडाने पुसलं की कापडाचाच धागा लागतो, मग हवेच्या फुग्याने फुंकर, मग मऊ ब्रश, मग परत फुंकर. हातमोजे घालूनच हात लावायचा, कारण बोटाचा ठसा डोळ्याला दिसला नाही तरी फोटोत ठळक येतो. सोन्याला रिठ्याचं कोमट पाणी आजही छान काम करतं, फक्त मोत्याचा दागिना त्यात भिजत टाकू नका, मोती नाजूक असतो आणि आतला दोराही सैल पडतो.

अर्धी अंगठी धूसर का?

जवळून फोटो काढताना एका वेळी फार थोडी खोली, म्हणजे पुढून मागे फार थोडा भाग, स्पष्ट येते. बोट नाकाजवळ धरून त्याच्याकडे बघा, बोट स्पष्ट दिसलं तर मागची भिंत धूसर होते, तसंच, पण कितीतरी जास्त. अंगठी फोटोभर दिसावी एवढ्या जवळ गेलो तर मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यात एफ ११ वर जेमतेम दीड-दोन मिलिमीटर पट्टाच स्पष्ट येतो, आणि अंगठी पुढून मागे चांगली १८-२० मिलिमीटर असते. खडा स्पष्ट, कडी धूसर.

एफ म्हणजे लेन्समधल्या उजेडाच्या भोकाचं माप, आकडा वाढला की भोक लहान. भोक लहान केलं की जास्त खोली स्पष्ट येते, मग सगळ्यात लहान करून टाकू, असं कुणीही म्हणेल. पण शेतातल्या पाटाचं पाणी चिंचोळ्या फटीतून गेलं की पलीकडे पसरतं तसा उजेडही फार लहान भोकातून जाताना पसरतो, आणि पूर्ण फोटोच मऊ पडतो. याला विवर्तन म्हणतात आणि कितीही महाग लेन्स घेतली तरी ते टळत नाही.

म्हणून फोकस स्टॅकिंग करतात. कॅमेरा पट्टीवर बसवून जरा जरा पुढे सरकवत वीस, तीस, कधी चाळीस फोटो घ्यायचे, प्रत्येकात एक पातळ काप स्पष्ट, आणि सॉफ्टवेअर त्या कापांमधला स्पष्ट भाग उचलून एक फोटो बनवतं. काकडीच्या चकत्या परत रचून अख्खी काकडी करावी तसं. यात मधेच कोणी जोरात दार लावलं किंवा अंगठी ज्या मेणाच्या गोळीवर उभी केलीय ते मेण दिव्याच्या उबेने किंचित बसलं तर सगळे फोटो पुन्हा. वर हिऱ्यासाठी वेगळा उजेड म्हणजे पूर्ण स्टॅक दोनदा. एका अंगठीला अर्धा दिवस का लागतो आणि पैसे का पडतात याचं उत्तर बरंचसं इथे आहे.

रंगाचं काय करायचं

फोटोभर सोनंच सोनं असलं की कॅमेऱ्याला वाटतं दिवाच पिवळा आहे आणि तो आपणहून पिवळेपणा कमी करतो. बावीस कॅरेटची पाटली पितळेसारखी येते ती यामुळे. यावर उपाय साधा आहे, आधी त्याच उजेडात राखाडी कार्ड ठेवून एक फोटो काढायचा आणि कॅमेऱ्याला सांगायचं की हे राखाडी, बाकी यावरून ओळख. पण दिवाच हलका असेल तर हे पुरत नाही. स्वस्त एलईडीत गडद लाल उजेड कमी असतो, आणि जो रंग दिव्यातच नाही तो माणकात कुठून दिसणार, माणिक विटकरी होऊन बसतं. दुकानातल्या पिवळसर दिव्यांखाली सोनं जास्त पिवळं दिसतं आणि पांढऱ्या दिव्यांखाली हिरे जास्त पांढरे, हे सराफांना पिढ्यानपिढ्या माहीत आहे. शेवटी तुमच्या फोनची स्क्रीनही त्यात आपला रंग मिसळते, एकच फोटो दोन फोनवर शेजारी ठेवून बघा.

पण माझा फोन तर भारी फोटो काढतो

काढतो, आणि एका बाबतीत तो मोठ्या कॅमेऱ्याला भारी पडतो, त्याचा सेन्सर छोटा असल्यामुळे जास्त खोली स्पष्ट येते. पण फोनची लेन्स रुंद बघणारी असते, म्हणून दागिना मोठा दिसायला अगदी जवळ जावं लागतं. जवळ गेलं की फोनचीच सावली पडते, सोन्यात फोनचा काळा चौकोन उमटतो, आणि पुढचा भाग फुगलेला व मागचा आक्रसलेला दिसतो. लहान ठुशीचं पदक त्यामुळे उगाच मोठं वाटतं. फोन हातभर मागे घ्या आणि दोन किंवा तीनपट झूम वापरा, लगेच फरक पडेल. उन्हात नको, फ्लॅश तर नकोच, उत्तरेच्या खिडकीशी पांढरा पडदा ओढून.

म्हणजे सगळे फोटो खोटेच म्हणायचे?

तीस फोटो जोडून एक केला, धूळ पुसली, हिरा वेगळ्या उजेडातला लावला, हे मला खोटं वाटत नाही. डोळाही तेच करतो, दागिना हातात घेऊन आपण तो फिरवतो, जवळ-लांब धरतो, मग मनात त्याचं एक चित्र तयार होतं, आणि फोटोने त्या चित्राच्या जवळ जायचं असतं. खोटं तिथे सुरू होतं जिथे दागिन्यात नसलेली गोष्ट येते. हिऱ्यातला डाग पुसणं, माणकाचा रंग चढवणं, वेडावाकडा बसलेला खडा सरळ करणं. एका गिऱ्हाइकाने मला पाचूतल्या रेषा काढायला सांगितल्या होत्या, मी नाही म्हटलं आणि ते काम गेलं. पाचूत अशा रेषा असतातच, त्या पुसल्या की विकत घेणाऱ्याला काचेसारखा खडा दाखवला असं होतं.

शिवाय वेबसाइटवरचं सगळं फोटोच असतं असंही नाही. बऱ्याच अंगठ्या आधी कॉम्प्युटरवर डिझाइन होतात आणि त्यावरूनच चित्र बनतं, दागिना अजून घडलेलाही नसतो. आता एआयने मॉडेलच्या गळ्यात दागिना घातलेली चित्रंही येतायत, आणि त्यात बारीक काम पुन्हा रंगवलं जातं, म्हणजे कोल्हापुरी साजाची पानं कमी-जास्त होऊ शकतात, नथीतला मोती सरकू शकतो. पदकं मोजून बघायची सवय ठेवा.

घेणाऱ्याने काय मागावं

सगळ्यात मोठा घोळ रंगाचाही नसतो, आकाराचा असतो. पाच ग्रॅमची ठुशी आणि पंचवीस ग्रॅमची ठुशी दोन्ही स्क्रीनभरच दिसतात. म्हणून नटलेल्या फोटोसोबत एक साधा फोटो मागा, दागिना तळहातावर ठेवून, खिडकीशी, मोजपट्टी शेजारी. दहा सेकंदांचा व्हिडिओ मागा ज्यात दागिना हळू फिरवलाय. वजन लेखी, खड्यांचं वजन वेगळं. आणि शुद्धता फोटोवरून कधीच ठरवू नका, बावीस आणि अठरा कॅरेटमधला फरक मी पांढऱ्या कार्डाने पाच मिनिटांत मिटवू शकते. त्यासाठी एचयूआयडी आहे, सहा अक्षर-अंकांचा नंबर, १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कच्या दागिन्यावर तो सक्तीचा आहे. सरकारच्या बीआयएस केअर ॲपमध्ये तो टाकला की नोंद दिसते. तो इतका बारीक कोरलेला असतो की फोनने वाचता येत नाही, तिथे सराफाची लूप भिंग लेन्ससमोर धरा आणि दागिना थोडा तिरका करा, अक्षरं वर येतात.

मावसबहिणीला मी शेवटी तीन फोटो पाठवले. एक काळ्या पट्ट्या लावून काढलेला, एक मावशीच्या तळहातावरचा, आणि एक ठुशी उलटी करून, मागचा दोरा, गोंडा आणि तो बारीक नंबर दिसेल असा. तिने पहिला लगेच बाजूला ठेवला आणि मावशीच्या हातातला फोटो परत परत मोठा करून बघत राहिली, म्हणाली हा दे, आता कळलं केवढी आहे ती.